आईच्या एमआरआय अहवालातील हिप्पोकॅम्पसचे आकडे : दोन स्कॅनमधला फरक कितपत खरा मानावा?

प्रश्न : अनघा_नाशिक

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. गेल्या दीड वर्षात तिचे विसरणे घरातल्या सर्वांच्या लक्षात येण्याइतके वाढले आहे. विष्णुसहस्रनाम तिला अजूनही मुखोद्गत आहे, पण सकाळी कोणाचा फोन येऊन गेला हे दुपारी आठवत नाही. मागच्या वर्षी नाशिकमध्ये तिच्या मेंदूचा एमआरआय केला होता. त्यानंतर ११ महिन्यांनी पुण्यात भावाकडे असताना दुसऱ्या केंद्रात पुन्हा केला. दोन्ही अहवालांसोबत संगणकाने मोजलेल्या आकारमानांचा तक्ता आहे. पहिल्या तक्त्यात डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) ३.१२ सीसी (घन सेंटिमीटर) आणि उजवा ३.२० सीसी आहे. दुसऱ्यात डावा २.८४ आणि उजवा ३.०५. डाव्या बाजूचे पर्सेंटाइल (त्या वयाच्या शंभर निरोगी व्यक्तींपैकी किती जणांचे माप याहून लहान) ३८ वरून थेट ९ वर आले असून पुढे ‘वयाच्या मानाने कमी’ असा शेरा आहे.

डाव्या बाजूची घट जवळजवळ ९ टक्के भरते. भावाने हा आकडा निर्णायक मानला आहे आणि औषधाचा डोस लगेच वाढवून घ्यावा असे त्याचे म्हणणे आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मोजमापासोबत त्याची त्रुटीमर्यादा लिहिलीच पाहिजे, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या प्रयोगापासून सांगते. या दोन्ही तक्त्यांत आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले आहेत, पण अधिक-उणे किती, याचा कोठेही उल्लेख नाही. पहिला स्कॅन १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) यंत्रावर झाला होता आणि दुसरा ३ टेस्लाच्या, एवढे अहवालांवरून कळते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे की अशा आकड्यांवर किती विसंबावे आणि दोन अहवालांची वजाबाकी मुळात करावी का.

उत्तर : प्रतिमाभौतिकी

अनघाताई, या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून आईंच्या मेंदूत काय घडले हे सांगता येत नाही. घट झालीच नाही, असे मी म्हणत नाही. ती झाली असेल किंवा नसेल, पण दोन स्कॅनच्या मधल्या काळात यंत्र, चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, स्कॅनची पद्धत आणि बहुधा सॉफ्टवेअरही बदलल्यामुळे या फरकातला आईंचा वाटा किती आणि यंत्रणेचा किती, हे वेगळे काढण्याचा मार्ग उरलेला नाही.

आपण भौतिकशास्त्राच्या आहात, म्हणून एक गणित मांडतो. हिप्पोकॅम्पस साधारण ४ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचा खरा आकार बराच वळणावळणाचा आहे, पण सोयीसाठी तो दंडगोल मानू. आकारमान ३००० घन मिलिमीटर (३ सीसी) आणि लांबी ४० मिलिमीटर धरली, तर त्रिज्या ५ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी येते आणि दोन्ही टोके मिळून पृष्ठभाग सुमारे १४०० चौरस मिलिमीटर होतो. आता सॉफ्टवेअरने त्याची सीमा सर्व बाजूंनी केवळ ०.१ मिलिमीटर आत आखली असे समजा. लगेच १४० घन मिलिमीटर, म्हणजे साडेचार टक्क्यांहून थोडे अधिक आकारमान कमी भरते. प्रतिमेतला सर्वांत लहान घनकण, ज्याला आम्ही व्हॉक्सेल म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी १ मिलिमीटर बाजूचा असतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी सीमा सरकली की एवढा फरक पडतो. अल्झायमरच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पसची वर्षभरातली सरासरी घट ४ ते ५ टक्के आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांत १ ते दीड टक्का आढळते. आपल्याला जो रोग मोजायचा आहे त्याची वर्षभराची खूण आणि सीमा आखण्यातली ही बारीकशी सरक, दोन्ही एकाच मापाच्या आहेत, आणि खरी अडचण येथेच आहे.

सीमा सरकण्याची कारणे अनेक आहेत. करडा भाग आणि पांढरा भाग प्रतिमेत वेगळे दिसतात ते मुख्यतः त्यांच्या टी-१ काळातील, म्हणजे रेडिओलहरींच्या धक्क्यानंतर ऊती पूर्वस्थितीला येण्याच्या काळातील, फरकामुळे, आणि टी-१ चुंबकीय क्षेत्रानुसार बदलतो. त्यामुळे १.५ आणि ३ टेस्लावर त्याच ऊतीची उजळता वेगळी येते. सीमेवरच्या व्हॉक्सेलमध्ये दोन्ही ऊती थोड्या थोड्या असतात आणि तो व्हॉक्सेल कोणत्या बाजूला घालायचा, हे सॉफ्टवेअर त्या उजळतेवरूनच ठरवते. दुसरे कारण यंत्राच्या ग्रेडियंट कॉइलचे, म्हणजे जागेनुसार चुंबकीय क्षेत्र बदलणाऱ्या वेटोळ्यांचे. प्रतिमेतले अंतर या कॉइलच्या अंशांकनावर (कॅलिब्रेशनवर) ठरते. अंशांकनात प्रत्येक दिशेने १ टक्क्याची चूक असेल, तर आकारमानात ३ टक्क्यांची चूक येते, कारण १.०१ चा घन १.०३ आहे. शिवाय केंद्रापासून दूर जावे तसे ग्रेडियंट सरळ रेषेत राहत नाहीत, आणि ती वक्रता दुरुस्त करण्याची सोय काही ठिकाणी तिन्ही दिशांना वापरली जाते, तर काही ठिकाणी दोनच दिशांना. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमर प्रकल्पात वेगवेगळ्या केंद्रांची यंत्रे एका मापात ठेवण्यासाठी खास फँटम, म्हणजे ठरावीक मापाचे गोल बसवलेली चाचणी-वस्तू, स्कॅन करण्याचा रिवाज याच कारणासाठी ठेवला होता. रोजच्या रुग्णसेवेत इतकी काळजी सहसा घेतली जात नाही.

सॉफ्टवेअरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. संशोधनात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालींपैकी एक असलेल्या फ्रीसर्फरवर २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीच प्रतिमा-संचिका वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढली असता आकारमानांत सरासरी ८.८ टक्के आणि मेंदूच्या बाह्यकाच्या जाडीत सरासरी २.८ टक्के फरक आला. संगणकाचा प्रकार किंवा त्याच्या कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली तरीही काही फरक पडत होता. त्यात मेंदू बदलला नव्हता आणि प्रतिमाही बदलली नव्हती. आपल्या अहवालांवर सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती दिली आहे का, तेवढे पाहून सांगावे.

उत्तर : स्मृतिचिकित्सा_पुणे

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. वरील स्पष्टीकरणाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून उपचाराच्या बाजूचेच लिहितो.

अनघाताई, डोनेपेझिलसारख्या स्मृतीसाठीच्या औषधाचा डोस हिप्पोकॅम्पसच्या आकारमानावरून ठरवला जात नाही. तो रुग्णाच्या रोजच्या वागण्यात पडलेला फरक, नाडीचा वेग, पोटाची सहनशीलता आणि सोबतची औषधे पाहून ठरतो. आईंना असे औषध सुरू असेल, तर या तक्त्याच्या आधारे डोस वाढवण्याचा आग्रह आपल्या भावांनी धरू नये आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच पुढचे पाऊल उचलावे. हिप्पोकॅम्पस लहान होणे ही फक्त अल्झायमरची खूण नाही. दीर्घकाळचे नैराश्य, रक्तवाहिन्यांचे विकार आणि उतारवयातले इतर ऱ्हासजन्य आजार यांतही तो लहान आढळतो. बी-१२, थायरॉइड, ऐकू येण्याची तपासणी आणि मराठीत नीट घेतलेली स्मृतीची चाचणी या गोष्टी झाल्या नसतील, तर तिसऱ्या स्कॅनच्या आधी त्या व्हायला हव्यात. सहस्रनाम पाठ असणे आणि सकाळचा फोन न आठवणे, हे आपण नोंदवलेले निरीक्षण माझ्या दृष्टीने त्या ९ व्या पर्सेंटाइलपेक्षा अधिक मोलाचे आहे. जुने, पाठांतराने पक्के झालेले टिकून राहणे आणि नवे मनात न रुजणे, हा नमुना आम्ही मुद्दाम विचारून काढतो.

मोजमापाच्या अंगाने एक गोष्ट मला माझ्या दुसऱ्या कामातून, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (चेतातंतूंच्या आवरणाच्या आजाराच्या) रुग्णांमधून, ठाऊक आहे. त्या आजारात संपूर्ण मेंदूचे आकारमान वर्षाला किती टक्क्यांनी घटते हे पाहतात आणि ०.४ टक्क्यांहून अधिक घट ही रोगाची समजावी, अशी मर्यादा २०१६ मध्ये सुचवण्यात आली. त्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्ये, निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग झाला होता. त्यांना १६ तास पाणी दिले नाही, तेव्हा मेंदूचे आकारमान सरासरी ०.५५ टक्क्याने कमी भरले आणि पाणी पाजल्यावर ते पुन्हा वाढले. वर्षभराच्या रोगाची जी मर्यादा सुचवली गेली, तिच्याहून अधिक फरक एका निर्जळी दिवसाने पडतो! आपल्याकडे या वयाच्या काही स्त्रिया एकादशीला किंवा हरितालिकेला पाण्याचा थेंबही घेत नाहीत, म्हणून मी माझ्या रुग्णांना स्कॅनची तारीख उपवासाच्या दिवशी घेऊ नका, असे आवर्जून सांगतो. स्टेरॉइड किंवा दाह कमी करणारी औषधे सुरू केल्यावरही मेंदूतली सूज उतरल्यामुळे आकारमान कमी भरते आणि पेशींचा नाश झाला नसतानाही ऱ्हास झाल्याचा भास होतो. आईंना त्या काळात अशी काही औषधे दिली होती का, हेही आठवून पाहावे.

उत्तर : चित्रवाचन

तीस वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की एका रुग्णाच्या बाबतीत हे आकडे अहवालात छापूच नयेत. शेल्टन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेली दृश्य श्रेणी आम्ही आजही वापरतो. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या कोरोनल छेदांवर त्याची उंची आणि त्याभोवतीच्या पाण्याच्या जागा पाहून शून्य ते चार अशी श्रेणी द्यायची असते. ७५ वर्षांखालील व्यक्तीत २ किंवा अधिक आणि ७५ वर्षांवरील व्यक्तीत ३ किंवा अधिक श्रेणी असेल, तर ती वयाच्या पलीकडची समजतात. ही श्रेणी ढोबळ आहे, पण १.५ टेस्ला असो की ३, आवृत्ती जुनी असो की नवी, ती सहसा बदलत नाही. रुग्ण हलल्यामुळे कडा धूसर झाल्या असतील, तर माणसाच्या डोळ्याला ते लगेच कळते. सॉफ्टवेअर मात्र त्या धूसर कडेवरही रेषा ओढून दोन दशांशांचा आकडा देऊन मोकळे होते. आपल्या दोन्ही अहवालांतील मजकुरात रेडिओलॉजिस्टने ही श्रेणी लिहिली आहे का? ती दोन्हीकडे सारखीच असेल, तर तक्त्यातल्या ९ टक्क्यांनी घाबरून जाऊ नये.

अनघा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही अहवाल पुन्हा नीट वाचले. पहिल्यात दोन्ही बाजूंना श्रेणी १ लिहिली आहे. दुसऱ्यात डावीकडे ‘१ ते २’ आणि उजवीकडे १. सॉफ्टवेअरचे नाव दुसऱ्या अहवालावर आहे, पहिल्यावर नाही. आईला स्टेरॉइड दिलेले नव्हते. मात्र पुण्यातला स्कॅन सकाळी लवकर होता आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे उजळक द्रव्य) द्यावे लागले तर, म्हणून तिला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले होते. पाणी घेतले होते की नाही, हे आता कोणालाच नक्की सांगता येत नाही.

भावाला हे सर्व वाचून दाखवले. त्याचे म्हणणे असे की अशा सॉफ्टवेअरची विश्वासार्हता ०.९५ च्या वर असल्याचे त्याने अनेक ठिकाणी वाचले आहे आणि ९५ टक्के विश्वासार्ह मोजमाप नाकारणे योग्य नाही. या ०.९५ चा नेमका अर्थ काय?

उत्तर : प्रचरण

मी जैवसंख्याशास्त्राचे काम करतो. आपल्या भावांनी वाचलेला आकडा बहुधा बरोबर आहे, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न आपला नाही.

०.९५ हा बहुधा आंतरवर्गीय सहसंबंध गुणांक असावा. अनेक माणसांना दोनदा मोजले असता एकूण फरकांपैकी किती भाग माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा आहे, हे तो सांगतो. माणसे एकमेकांपासून जितकी वेगळी, तितका हा गुणांक आपोआप वाढतो. मोजमाप तेवढेच ढिसाळ राहिले तरीही. समजा, लोकांच्या हिप्पोकॅम्पसच्या आकारमानाचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) सरासरीच्या १२ टक्के आहे. गुणांक ०.९५ असेल, तर एकूण प्रचरणाचा (प्रमाण विचलनाच्या वर्गाचा) ५ टक्के हिस्सा मोजमापाच्या चुकीचा. ०.०५ चे वर्गमूळ ०.२२४, म्हणून चुकीचे प्रमाण विचलन १२ गुणिले ०.२२४, म्हणजे सुमारे २.७ टक्के. एकाच माणसाच्या दोन मोजमापांच्या वजाबाकीत ही चूक दोनदा येते, म्हणून ती दोनच्या वर्गमुळाने वाढते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर पुन्हा १.९६ ने गुणावे लागते आणि दोन्ही मिळून गुणक २.७७ होतो. उत्तर येते साडेसात टक्क्यांच्या आसपास. मेंदू तसूभरही बदलला नसताना, त्याच यंत्रावर, दोन मोजमापांत एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, आणि तरीही गुणांक ०.९५ च राहतो. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी व्यक्ती यांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या संशोधकाला हे मोजमाप उत्तम आहे, कारण योगायोगाच्या चुका सरासरीत विरून जातात. मात्र एका आईच्या दोनच स्कॅनमध्ये त्या चुका विरून जायला जागा नसते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०१४ मध्ये खुल्या केलेल्या एका विदासंचात तीन व्यक्तींचे प्रत्येकी ४० स्कॅन एकाच यंत्रावर ३१ दिवसांत घेतलेले आहेत. महिन्याभरात निरोगी मेंदूचा ऱ्हास मोजण्यासारखा होत नाही, तरीही त्याच माणसाच्या मोजमापांचा विचलन-गुणांक (सरासरीच्या तुलनेत आकडे किती विखुरतात) मेंदूतल्या कॉडेट या भागासाठी १.६ टक्के, तर थॅलॅमस या भागासाठी ६.१ टक्के आला. प्रत्येक भागाची चूक वेगळी असते, म्हणून ‘मेंदूचे आकारमान विश्लेषण’ असे एकच नाव असलेल्या तक्त्यातल्या सर्व ओळी सारख्याच विश्वासाने वाचता येत नाहीत. निरुंद कडांचे, आजूबाजूशी उजळतेने मिसळून जाणारे भाग सर्वांत त्रासदायक ठरतात.

आता पर्सेंटाइलचे पाहू. ९ वे पर्सेंटाइल याचा अर्थ, त्या वयाच्या १०० निरोगी व्यक्तींपैकी ९ जणांचा हिप्पोकॅम्पस याहूनही लहान आहे आणि तरी ते निरोगी आहेत. आपल्या दोन्ही आकड्यांवरून मागे जाऊन हिशेब केला, तर ३८ पासून ९ पर्यंतची उडी साधारण एका प्रमाण विचलनाची, म्हणजे ०.२७ सीसीची आहे. एका मोजमापाची त्रुटीमर्यादा अधिक-उणे ५ टक्के धरली, जी एकाच यंत्रासाठी मुळीच निष्ठुर नाही, तर २.८४ चा आकडा २.७० ते २.९८ यांच्या मध्ये कोठेही असू शकतो आणि पर्सेंटाइल ३ ते २१ यांच्या मध्ये. अहवालात ‘९’ ऐवजी ‘३ ते २१’ असे छापले असते, तर आपल्या घरातला हा वाद बहुधा झालाच नसता. एकाच यंत्रावर, एकाच आवृत्तीत हा ९ टक्क्यांचा फरक आला असता, तर मी तो गांभीर्याने घेतला असता, कारण तो योगायोगाच्या मर्यादेबाहेर जातो. उजव्या बाजूचा ४.७ टक्क्यांचा फरक तेव्हाही मर्यादेच्या आतच राहिला असता. दोन यंत्रांच्या बाबतीत मात्र योगायोगाच्या चुकीवर एका दिशेची पद्धतशीर चूक चढते आणि तिचे माप आपल्याकडे नाही.

ही पर्सेंटाइल कोणाच्या तुलनेत काढली आहेत, हेही विचारायला हवे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले मेंदूच्या वाढीचे मोठे आलेख एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या स्कॅनवर उभे आहेत, पण त्यांतली बहुतांश माहिती युरोप आणि उत्तर अमेरिकेतली आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा पाश्चात्त्य मेंदूंच्या मानाने भारतीय मेंदू सरासरीने लहान आढळला. त्यात गैर काहीच नाही. शरीराची मापेही लोकसमूहांत वेगवेगळी असतात. पण संदर्भगट परका असेल आणि कवटीच्या आकारमानाने भागाकार नीट केलेला नसेल, तर आपल्याकडच्या धडधाकट माणसालाही ‘कमी’ असा शेरा मिळू शकतो.

उत्तर : प्रतिमाभौतिकी

प्रचरण यांनी कवटीच्या आकारमानाचा उल्लेख केला, त्याला पुस्ती जोडतो. अनघाताई, दोन्ही तक्त्यांत कवटीच्या आतील एकूण आकारमान दिलेले असेल, तर ते पडताळून पाहा. ७१ व्या वर्षी कवटी काही ११ महिन्यांत लहान होत नाही, त्यामुळे तो आकडा दोन्हीकडे सारखा यायला हवा. तेथेच २-३ टक्क्यांचा फरक असेल, तर दोन यंत्रांची मोजपट्टीच वेगळी आहे किंवा दोन सॉफ्टवेअर कवटीची हद्द वेगळी धरतात, हे घरबसल्या कळेल.

चित्रवाचन यांच्या मताचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. डोळ्याने दिलेल्या श्रेणीतही दोन वाचकांत एका पायरीचा फरक पडतो, आणि आपल्या दुसऱ्या अहवालातील ‘१ ते २’ ही नोंद त्याचेच उदाहरण आहे. अपस्मारात एका बाजूचा हिप्पोकॅम्पस किंचित आकसलेला असतो, तेव्हा डावी-उजवी तुलना आकड्यांनी करण्याचा खरा उपयोग होतो, कारण तेथे दोन्ही बाजू एकाच प्रतिमेत, एकाच मापाने मोजल्या जातात. मोजमाप टाकून देण्याऐवजी त्याची चूक जाहीर करण्याची शिस्त यायला हवी, असे मला मनापासून वाटते. मेंदूतील पाण्याच्या विसरणाचे (रेणू किती वेगाने पसरतात त्याचे), म्हणजे एडीसीचे मोजमाप यात पुढे गेले आहे. शून्य अंश सेल्सिअसला पाण्याचा विसरण गुणांक सेकंदाला ०.००११ चौरस मिलिमीटर असतो, हे पक्के ठाऊक आहे. बर्फाच्या पाण्यात ठेवलेली नळी स्कॅन केली की यंत्र खरे बोलते की नाही, ते कळते. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजी संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेल्या क्यूआयबीए या उपक्रमाला, ठरलेली पद्धत पाळल्यास मेंदूतील गाठीच्या एडीसीत ११ टक्के किंवा अधिक बदल ९५ टक्के खात्रीने खरा मानावा, असे लेखी विधान करता आले. हिप्पोकॅम्पससाठी बर्फाच्या पाण्यासारखी हक्काची कसोटी नाही, कारण तो नेमका कोठे संपतो, यावरच शरीररचनातज्ज्ञांत दीर्घकाळ एकमत नव्हते. २०१५ च्या सुमारास युरोप आणि अमेरिकेतील गटांनी मिळून हाताने सीमा आखण्याची एक समान पद्धत ठरवली, तेव्हा कोठे निदान बोलण्याची भाषा एक झाली.

उत्तर : एमआरआय_तंत्रज्ञ_कोल्हापूर

वरील चर्चेत यंत्र आणि सॉफ्टवेअर आले, पण टेबलावर झोपलेल्या माणसाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आकारमान मोजण्यासाठी टी-१ ची त्रिमितीय मालिका लागते आणि तिला पाचेक मिनिटे जातात. वयस्कर व्यक्ती तेवढा वेळ प्रयत्नपूर्वक स्थिर राहतात, पण कानात बोळे घालून, डोक्यावर कॉइल बसवल्यावर त्यांना डुलकी लागते, हनुवटी हळूहळू खाली येते आणि मध्येच खोकल्याने मान हलते. प्रतिमा पडद्यावर चांगली दिसते, रेडिओलॉजिस्टही ती स्वीकारतात, पण मोजमापावर परिणाम व्हायचा तो होतोच. २०१५ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना मुद्दाम डोके हलवायला सांगून हे तपासले, तेव्हा हालचाल वाढेल तसे करड्या भागाचे आकारमान आणि जाडी कमी मोजली गेली. ज्यांची स्मृती ढासळली आहे, तेच सूचना विसरून अधिक हलतात, म्हणजे ही चूक नेमकी रोगाच्या दिशेनेच पडते. मी डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या गाद्या घट्ट बसवतो, गुडघ्यांखाली उशी देतो आणि त्रिमितीय मालिका सुरुवातीलाच, रुग्ण कंटाळण्याआधी उरकतो. कॉन्ट्रास्ट द्यायचे असेल, तर ही मालिका त्याच्या आधी घेतो, कारण कॉन्ट्रास्टनंतर रक्तवाहिन्या आणि आवरणे उजळतात आणि सॉफ्टवेअर त्यांना मेंदूचा भाग समजू शकते.

अनघाताई, दोन्ही केंद्रांकडून फिल्म नव्हे, तर मूळ डायकॉम माहिती (स्कॅनच्या संगणकीय संचिका) सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. त्यात टी-१ ची पातळ, साधारण १ मिलिमीटरच्या छेदांची मालिका आहे का, ते पाहा. फक्त ५ मिलिमीटरचे छेद असतील, तर त्यावरून काढलेला हिप्पोकॅम्पसचा आकडा कोणत्याही सॉफ्टवेअरचा असो, ग्राह्य धरू नका.

अनघा_नाशिक

दोन्ही सीडी शोधून काढल्या. दोन्हींत १ मिलिमीटरच्या आसपासच्या छेदांची मालिका आहे. कवटीच्या आतील आकारमान पहिल्या तक्त्यात १३६२ सीसी आणि दुसऱ्यात १३२५ सीसी आहे. म्हणजे आपण सांगितल्याप्रमाणे तेथेच २.७ टक्के फरक दिसतो. आता दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरमधून पुन्हा मोजून घेतले तर उपयोग होईल का? आणि पुढचा स्कॅन कधी करावा?

उत्तर : प्रतिमाभौतिकी

कवटीच्या फरकाने भागून पाहिले, तर डाव्या बाजूची घट ९ वरून साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते आणि उजव्या बाजूची २ टक्क्यांच्या. उरलेल्या साडेसहातही क्षेत्राची तीव्रता आणि सॉफ्टवेअर यांचा वाटा आहेच. दोन्ही स्कॅन एकाच आवृत्तीतून पुन्हा मोजल्याने सॉफ्टवेअरचा वाटा जाईल, पण १.५ आणि ३ टेस्लाचा फरक राहील. तो घालवण्यासाठी संशोधनात कॉम्बॅटसारख्या संख्याशास्त्रीय पद्धती वापरतात, मात्र त्यांना प्रत्येक यंत्रावरच्या अनेक व्यक्तींची माहिती लागते. एका व्यक्तीच्या दोन स्कॅनवर त्या चालत नाहीत. त्यामुळे पुन्हा मोजून घेण्यावर खर्च करू नये, असे मला वाटते.

पुण्यातला स्कॅन हाच आरंभबिंदू माना. पुढचा स्कॅन करायचाच असेल, तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, त्याच मालिकेने, साधारण त्याच वेळेला आणि पाणी पिऊन करा. मधले अंतर एका वर्षाऐवजी दीड-दोन वर्षे ठेवता आले, तर उत्तम, कारण मोजमापाची चूक तेवढीच राहते आणि खरा बदल वाढत जातो, म्हणून दरवर्षीच्या घटीचा अंदाज त्या प्रमाणात नेमका होतो. तेव्हा दोन तक्त्यांची वजाबाकी न करता दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवून सीमा किती सरकली, हे थेट मोजणारी पद्धत वापरता येईल का, ते केंद्राला विचारा. लंडनमध्ये १९९७ मध्ये मांडलेली बाउंडरी शिफ्ट इंटिग्रल ही त्यांपैकी जुनी पद्धत आहे. तिच्यात दोन्ही वेळच्या सीमा स्वतंत्रपणे आखून त्यांच्या चुकांची बेरीज करण्याचा प्रसंग येत नाही.

त्या दिवशी तंत्रज्ञांना एक विनंती करून पाहा. पहिली त्रिमितीय मालिका झाल्यावर आईंना टेबलावरून उतरवून, दोन मिनिटे बसवून, पुन्हा झोपवून तीच मालिका आणखी एकदा घेता आली, तर या यंत्रावर त्यांच्या बाबतीत मोजमाप किती डळमळते, याचा निदान अंदाज मिळेल. त्यात दिवसागणिक होणारा बदल येत नाही, म्हणून खरी चूक त्याहून थोडी मोठीच धरावी लागेल. आईंना दोनदा झोपणे झेपणार नसेल, तर मात्र हा आग्रह अजिबात धरू नका.